घर, कारखाना आणि रांग

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि आपल्या समाजातील एक दरी एका रात्रीत उघडी पडली. ज्यांचे काम संगणकावर होते ते घरी बसले व त्यांचे वेतन चालू राहिले. ज्यांचे काम हातांचे होते ते रस्त्यावर आले. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. तेही घराकडेच निघाले होते.

साथ ओसरली, पण घरून काम करण्याची पद्धत अंशतः टिकून राहिली. तिच्यात सोय आहे हे नाकारण्याचे कारण नाही. प्रवासाचे तास वाचतात. लहान मूल असलेल्या स्त्रीला नोकरी टिकविता येते. प्रश्न या सोयीच्या किमतीचा आहे. जागा, वीज, टेबल-खुर्ची हा मालकाचा खर्च नकळत कर्मचाऱ्याच्या संसारखर्चात जमा होतो, आणि कामाचा दिवस कोठे संपतो हे कोणीच सांगू शकत नाही. कचेरीच्या दाराशी पोट भरणारे चहावाले, खानावळवाले, रिक्षावाले यांची बुडालेली मिळकत तर कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही.

वस्तुतः घरी बसून काम ही संगणकाने आणलेली नवलाई नव्हे. सोलापुरात हजारो स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळत आल्या आहेत. पान-तंबाखू घरी न्यायची, लेकीसुनांसह वळायचे, मजुरी हजारी दराने घ्यायची. मालकाला ना छप्पर बांधावे लागते, ना दिवा लावावा लागतो. तरीही १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले. आणि याच स्त्रियांनी संघटित लढ्यातून सोलापूरजवळ कुंभारी येथे १०,००० घरांची वसाहत २००६ मध्ये मिळविली.

चार भिंतींत विखुरलेल्या या स्त्रिया एकत्र आल्या कशा? विड्या देण्यासाठी त्यांना कारखान्यात यावे लागे, रांगेत उभे राहावे लागे. कोणाच्या किती विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, कोणाला किती पैसे मिळाले, हे त्या रांगेत उघड होई. मुंबईच्या गिरणगावात हेच काम चाळीने आणि खानावळीने केले. संघटना आधी अशा सहवासात जन्मते, मग कागदावर येते.

संगणकावरील कामगाराला ही रांगसुद्धा उरलेली नाही. शेजारच्याचे वेतन त्याला ठाऊक नसते. एखाद्याला कामावरून कमी केले, तर पडद्यावरून एक नाव नाहीसे होते, इतकेच. स्वतःला कामगार न मानणाऱ्या या वर्गाला दारात सामान आणून देणाऱ्या तरुणाशी आपले काही नाते आहे, असे वाटावे तरी कसे? पण दोघांचाही मालक अदृश्य आहे आणि दोघेही एकेकटे आहेत.

घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक द्यावी, असे सांगणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९९६ चा आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. ती मिळविण्याची मागणी विडी कामगार स्त्री आणि संगणक अभियंता यांनी एकत्र करावी. कामाचे तास कायद्याने बांधावेत, घरातील कामाचा खर्च मालकाने द्यावा, ही त्या मागणीची पुढची कलमे. आणि तोवर कामगार संघटनांनी दाराशी जावे. कारण कामगार आता दाराबाहेर येईलच, अशी खात्री राहिलेली नाही.