बाळाचा मुका खारट लागतो

बीएस्सीवाल्या मैत्रिणीने विचारलं, "तुमच्या वाङ्मय मंडळाला आयन चॅनेलशी काय घेणंदेणं?" घेणंदेणं आहे. एका आजाराची खूण आई आपल्या भाषेत सांगते, आणि भाषा हे आपलं खातं आहे.

आजार सिस्टिक फायब्रोसिस. श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर सीएफटीआर नावाचं प्रथिन असतं. त्याला दार म्हणूया. दार उघडलं की क्लोराइडचे ऋणभारित कण पेशीतून बाहेर पडतात. त्यांच्यामागोमाग सोडियम आणि पाणी येतं. या पाण्याच्या पातळ थरात सूक्ष्म केस हलतात आणि धूळ, जंतू चिकटलेला कफ वर ढकलतात. दार बिघडलं की थर आटतो, कफ घट्ट होऊन अडकतो आणि जंतू तिथेच मुक्काम ठोकतात.

घामाच्या नळीत हेच दार उलटं काम करतं. तिथे ते क्लोराइड शरीरात परत घेतं. ते चाललं नाही की मीठ घामातच राहतं. म्हणून अशा बाळाचा मुका खारट लागतो. युरोपातल्या आयांना ही खूण शेकडो वर्षं माहीत होती. घामातलं जादा मीठ न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये मोजून दाखवलं. जनुक सापडलं १९८९ मध्ये. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा दोष कोणता? १४८० अमिनो आम्लांच्या साखळीतलं ५०८ वं गळतं. बस्स, एक. एक अक्षर गळलं की काय होतं, ते मुद्रितं तपासणाऱ्या आपल्याला कुणी सांगायला नको!

हा गोऱ्यांचा आजार, असं आपल्याकडे बराच काळ धरून चाललं. पण तो भारतीय मुलांनाही होतो, आणि निदानाला उशीर होतो.

आता आपल्या बेळगावचं बघा. आई मराठीत सांगणार, पाटी कन्नडमध्ये, फाइल इंग्रजीत. "मुका खारट लागतो" हे वाक्य त्या फाइलपर्यंत पोचेल? आई मुळात ते बोलेल तरी का? उकाड्याचा घाम, असं म्हणून घरातलेच तिला गप्प करतील.

प्रत्येक खारट बाळ आजारी नसतं. पण छातीत वारंवार कफ होतोय, वजन वाढत नाहीये आणि मुकाही खारट लागतोय, तर डॉक्टरांना घामाच्या चाचणीबद्दल विचारायला हवं. एवढं सांगणारं एक पान आपलं मंडळ आणि विज्ञान विभाग मिळून काढू शकत नाही का?

काहीजण म्हणतील, विज्ञानाची मराठी जड होते. होते, कारण आपण प्रतिशब्दांवर भांडत बसतो. क्लोराइड क्लोराइडच राहू दे की! वाक्य मात्र असं हवं, की आईने वाचावं आणि म्हणावं, "अगं, हे तर माझ्या लेकराचं!"