गाडी आली, प्लग कुठे?



गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी विजेवर चालणारी मोटार आली. आमची म्हणजे आमच्या भाच्याची. हा मुलगा सहा वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कंपन्यांतील कामगारांना पाळीप्रमाणे नेणे-आणणे हे त्याचे काम. स्वतःची गाडी असावी म्हणून त्याने पतपेढीचे कर्ज काढले, आमच्या बहिणीने कानातले मोडले आणि एक जुनी विजेची मोटार घेतली. डिझेलचा खर्च वाचेल आणि त्यातून हप्ता जाईल, असा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. मात्र गाडी रात्री कुठे लावायची आणि तिला वीज कुठून द्यायची, हे घरातल्या एकानेही विचारले नाही. आम्हीही नाही.

आमचे घर मुकुंदवाडीच्या आतल्या गल्लीत आहे. समोरासमोर दोन सायकली आल्या तर एकाला खाली उतरावे लागते. त्यामुळे गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. पहिले पंधरा दिवस भाच्याने खिडकीतून वायर सोडली, मध्ये दोन एक्स्टेन्शन बोर्ड जोडले आणि रात्रभर चार्जिंग चालू ठेवले. एके रात्री पाऊस पडत होता. एकच्या सुमारास जळल्याचा वास आला. बाहेर जाऊन पाहतो तर बोर्ड वितळून प्लगला चिकटलेला आणि खाली पाणी साचलेले. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाळा, तुझी गाडी चालावी, आम्हाला आनंदच आहे. पण माझा नातू पहाटे संडासला याच पाण्यातून जातो रे." भाचा काहीच बोलला नाही. त्याने त्याच रात्री वायर गुंडाळून ठेवली.

मग सुरू झाली शोधाशोध. मोबाइलवरचा नकाशा शहरात बरीच चार्जिंग केंद्रे दाखवतो. पहिल्या ठिकाणी गेलो तर तिथली गन गाडीला बसेना. दुसऱ्या ठिकाणी गन बसली, पण मशीन बंद. तिसऱ्या ठिकाणी सगळे चालू होते, पण पुढे तीन गाड्या. पाण्याच्या टँकरपुढे हंडे घेऊन उभे राहण्याची आपल्याला सवय आहे. इथे हंड्याच्या जागी मोटार. नंबर येईपर्यंत रात्रीचे तीन वाजले. भाचा गाडीतच झोपला आणि पहाटेच्या पाळीची खेप चुकली. ठेकेदाराने त्या दिवसाचे पैसे कापले.

गन का बसत नाही, हे आम्हाला पुढे कळले. २०१७ साली सरकारने जलद चार्जिंगसाठी 'भारत डीसी-००१' नावाची पद्धत ठरवली. सुरुवातीच्या विजेच्या मोटारी त्या पद्धतीच्या होत्या. पुढे मोठ्या बॅटरीच्या गाड्या आल्या आणि त्यांच्यासाठी 'सीसीएस-२' ही दुसरी पद्धत रूढ झाली. आज बहुतेक नवी जलद केंद्रे याच पद्धतीची असतात. जुनी गाडी स्वस्तात मिळते खरी, पण तिच्या चार्जिंगचे तोंड निराळे असू शकते. अशा गाडीला साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर सात-आठ तास लावणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. आणि तो प्लग ज्याच्या घराला अंगण आहे त्याच्याच दारात असतो.

खर्चाचेही तसेच आहे. भाच्याची गाडी रोज साधारण शंभर किलोमीटर चालते. त्याला पंधराएक युनिट लागतात, म्हणजे महिन्याला पावणेचारशेच्या आसपास. आपल्या घराचा वापर शंभर युनिटांच्या आत असतो, म्हणून बिल परवडते. महावितरणचा घरगुती दर शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो. गाडीचे युनिट घरच्या मीटरवर पडले की पुढचे युनिट महागाच्या टप्प्यात जातात. बहिणीने पहिले बिल पाहिले आणि तिला वाटले, मीटर बिघडला.

आता आपल्या शहराकडे पाहा. २०१० साली येथील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या, त्याची देशभर चर्चा झाली. वाळूजला तीनचाकी रिक्षा बनतात. विजेच्या दुचाकींचा कारखाना बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत काढण्याचे एथर कंपनीने २०२४ साली जाहीर केले. राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात आपल्या शहरासाठी २०२५ पर्यंत ७५ सार्वजनिक चार्जिंग केंद्रांचे उद्दिष्ट लिहिले होते. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत शहरांमध्ये दर तीन किलोमीटरच्या चौकोनात एक केंद्र असावे, असे म्हटले होते. कागद चांगला आहे. आमचे म्हणणे एवढेच की केंद्र कोणत्या वस्तीत होते, हेही कोणीतरी मोजावे. मॉलच्या तळघरात केंद्र असले तर ते खरेदीला येणाऱ्याच्या सोयीचे. गाडीवर पोट असणाऱ्याला ते रात्री, घराजवळ आणि परवडणाऱ्या दरात लागते.

आमच्यापुरता मार्ग निघाला तो पिठाच्या गिरणीतून. गिरणीवाले दादा आमच्या जुन्या ओळखीचे. गिरणी रात्री आठला बंद होते आणि पुढची मोकळी जागा पडून असते. भाचा त्यांच्याकडे गेला. दादांनी आधी नकार दिला. उद्या बिलाची भानगड झाली तर कोण निस्तरणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही चौकशी केली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. चार्जिंग करून देणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, त्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केला आहे. दुसरे, महावितरणच्या दरपत्रकात चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे. मग दादांनी वेगळ्या मीटरचा अर्ज केला. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग करून घेतले, जाड वायर टाकली, गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवला. आज तिथे आमच्या भाच्याच्या गाडीशेजारी तीन ई-रिक्षाही रात्री उभ्या असतात. प्रत्येकाचे युनिट वहीत लिहिले जातात. दादांना चार पैसे सुटतात आणि काकूंचा नातू पहाटे निर्धास्त जातो.

ज्यांच्या घरी अशी गाडी किंवा रिक्षा घेण्याचा विचार चालू आहे, त्यांना आमच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो. पैसे देण्याआधी रात्रीची जागा आणि प्लग ठरवा. जुनी गाडी असेल तर तिचे चार्जिंगचे तोंड जवळच्या केंद्रावर नेऊन लावून पाहा. विकणारा सांगेल त्यापेक्षा गाडी कमी चालेल असे धरूनच हिशेब करा. आमच्या गाडीला एकशेचाळीस किलोमीटर सांगितले होते, ती शंभर-एकशेदहा जाते आणि एसी लावला की आणखी कमी. अजिंठा इथून शंभरेक किलोमीटर आहे, म्हणून तिकडचे भाडे भाचा घेत नाही. वेरूळचे तीसेक किलोमीटरचे आनंदाने घेतो. चौथी गोष्ट, एक्स्टेन्शन बोर्डावर आणि ओल्या गल्लीतून वायर टाकून गाडी कधीही लावू नका. घरचा मंजूर वीजभार कमी असेल तर तो आधी वाढवून घ्या.

आणि एक काम सर्वांनी मिळून करण्याजोगे आहे. समाजमंदिराशेजारी किंवा महापालिकेच्या मोकळ्या जागेवर आपल्या वस्तीत एक चार्जिंग केंद्र द्यावे, असा अर्ज वीस-पंचवीस सह्यांनी वॉर्ड कार्यालयात द्या आणि पोच घ्या. आमच्या गल्लीचा अर्ज गेल्या आठवड्यात गेला. पहिली सही काकूंची आहे.