रोखठोक उमेदवार आणि दुखावलेला मतदार

अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारनिवडीचा गेल्या तीसएक वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुनःपुन्हा नजरेत भरते. पक्षाचे पुढारी, देणगीदार आणि वृत्तपत्रे ज्याला जबाबदार व सुसंस्कृत उमेदवार समजतात त्याला बाजूस सारून सामान्य पक्षमतदार एखाद्या आडदांड, तोंडाळ, कडव्या पुराणमतवादी माणसाकडे ओढला जातो. कधी हा माणूस हरतो, कधी जिंकतो. पण दरवेळी शहाण्यासुरत्या लोकांना तो अनपेक्षितच वाटतो. मग त्याची दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, मतदार अडाणी आहे. दोन, दूरचित्रवाणीने त्याची दिशाभूल केली. दोन्ही उत्तरांत थोडेबहुत तथ्य असेलही. परंतु ती देणाऱ्यांची मुख्य सोय अशी की, स्वतःच्या वर्तनाची झडती घेण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत नाही.

‘प्रायमरी’ म्हणून ओळखली जाणारी प्राथमिक निवडणूक ही मूळची सुधारणावाद्यांची देणगी आहे. उमेदवार कोण असावा हे पक्षातील चार बड्या धेंडांनी बंद खोलीत ठरवू नये, ते पक्षाच्या मतदाराने ठरवावे, या हेतूने विस्कॉन्सिनच्या रॉबर्ट ला फॉलेटसारख्या पुढाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा पुरस्कार केला. तरीही 1968 साली ह्यूबर्ट हम्फ्रे हे एकही प्राथमिक निवडणूक न लढविता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या त्या अधिवेशनात उसळलेल्या असंतोषामुळे नियम बदलले आणि 1972 पासून अध्यक्षपदाच्या उमेदवारीची खरी किल्ली प्राथमिक मतदाराच्या हाती आली. हा मतदार संख्येने थोडा असतो. 2016 साली दोन्ही पक्षांत जोरदार चुरस असूनही पात्र मतदारांपैकी तीन दशांशांहून कमी लोकांनी प्राथमिक निवडणुकीत भाग घेतला. जो येतो तो तळमळीने किंवा रागाने येतो. शिवाय सर्व उमेदवार एकाच पक्षाचे असल्यामुळे पक्षचिन्हावरून निवड करता येत नाही. सगळेच करकपात मागतात, सगळेच धर्म आणि कुटुंब यांचा गौरव करतात. अशा वेळी मतदार माणसाची पारख करतो आणि ती पारख करण्याचे त्याच्यापाशी असलेले हुकमी साधन म्हणजे उमेदवाराची भाषा.

1996 च्या न्यू हॅम्पशायरमधील निवडणूक या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. रिपब्लिकन पक्षाचे अग्रणी उमेदवार होते सिनेटमधील बहुमताचे नेते बॉब डोल. महायुद्धात जबर जखमी झालेले, दीर्घ अनुभवाचे, सर्वांना मान्य असलेले. त्यांच्यासमोर उभे होते पॅट्रिक ब्यूकॅनन. हे गृहस्थ निक्सन यांचे भाषणलेखक, रेगन यांच्या काळात व्हाइट हाउसमधील प्रसिद्धिविभागाचे प्रमुख आणि पुढे दूरचित्रवाणीवरील वादपटू. गिरणीत किंवा शेतात त्यांनी कधी घाम गाळला नव्हता. वॉशिंग्टनमध्ये वाढलेला हा माणूस वॉशिंग्टनविरुद्ध बंडाचे निशाण घेऊन उभा राहिला, यातला विरोधाभास उघड होता. पण त्याच वर्षी जानेवारीच्या आरंभी एटी अँड टी या महाकाय दूरध्वनी कंपनीने चाळीस हजार जागा कमी करण्याचा बेत जाहीर केला आणि शेअरबाजाराने त्याचे स्वागत केले. ब्यूकॅनन यांनी कंपनीचे नाव घेऊन, तिच्या प्रमुखाच्या पगाराकडे बोट दाखवून, हा अन्याय आहे असे भर सभांतून सांगितले. मेक्सिको व कॅनडा यांच्याशी झालेला नाफ्टा करार दोन वर्षांपूर्वी, 1 जानेवारी 1994 रोजी अमलात आला होता. त्यालाही त्यांनी त्याच पंक्तीत बसविले.

20 फेब्रुवारीला मते मोजली तेव्हा ब्यूकॅनन सुमारे 27 टक्के मते घेऊन पहिले आले. डोल सुमारे दोन हजार मतांनी मागे पडले. फरक किरकोळ होता. परंतु मतदानाच्या सुमारास डोल यांनी जी कबुली दिली ती किरकोळ नव्हती. नोकऱ्या आणि व्यापार हा या निवडणुकीत एवढा मोठा प्रश्न होईल याची आपल्याला कल्पना नव्हती, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. पस्तीस वर्षे काँग्रेसमध्ये बसलेल्या माणसाला आपल्या मतदाराच्या पोटाचा प्रश्न निवडणुकीच्या अखेरच्या आठवड्यात समजावा, यापेक्षा ब्यूकॅनन यांच्या लोकप्रियतेचे अधिक चांगले स्पष्टीकरण कोणते असणार? पुढे डोल यांनाच उमेदवारी मिळाली. तथापि ब्यूकॅनन यांच्या पदरात देशभरातून सुमारे तीस लाख मते पडली. पुढाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि विषय मिटला असे मानले.

विषय मिटला नव्हता, कारण त्याच्या मुळाशी एक आर्थिक व्यवहार होता. खुल्या व्यापाराने देशाचे एकंदर उत्पन्न वाढते, काहींचे नुकसान होते, पण लाभ झालेल्यांना आपल्या लाभातून नुकसान झालेल्यांची भरपाई करूनही काही शिल्लक उरते, असे अर्थशास्त्राचे क्रमिक पुस्तक सांगते. 1939 साली कॅल्डॉर आणि हिक्स यांनी मांडलेल्या या विचारातील कळीचा शब्द ‘भरपाई करता येईल’ हा आहे. ‘केली जाईल’ असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. धोरणकर्त्यांनी पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा वाचकांच्या कल्पनाशक्तीवर सोडला. व्यापारामुळे बेकार झालेल्या कामगारांच्या साहाय्याची योजना केनेडींच्या काळात, 1962 च्या कायद्याने सुरू झाली खरी. परंतु ती नेहमीच तुटपुंजी राहिली आणि 1 जुलै 2022 रोजी तर नव्या अर्जदारांसाठी तिची दारेही बंद झाली. दरम्यान चीनच्या मालाचा लोंढा आला. 2000 साली अमेरिकेच्या कारखान्यांत सुमारे एक कोटी त्र्याहत्तर लाख माणसे कामाला होती. 2010 च्या आरंभी ती संख्या सुमारे एक कोटी पंधरा लाखांवर आली. यंत्रे आणि मंदी यांचाही त्यात मोठा वाटा होता हे नाकारण्याचे कारण नाही; पण केवळ चिनी आयातीमुळे 1999 ते 2011 या काळात एकूण वीस ते चोवीस लाख नोकऱ्या बुडाल्या असा हिशेब डेव्हिड ऑटर, दारोन असेमोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आहे. ही हानी देशभर सारखी पसरली नाही. फर्निचर, कापड, खेळणी बनविणाऱ्या ठराविक गावांवर ती कोसळली आणि ती गावे वर्षानुवर्षे सावरली नाहीत.

या गावांतील माणसाला दोन्ही पक्षांकडून कोणती भाषा ऐकू आली? ‘पुनर्रचना’, ‘लवचीकता’, ‘जागतिक स्पर्धेला सामोरे जाणे’, ‘नवी कौशल्ये’. नाफ्टाची बोलणी रिपब्लिकन अध्यक्षाने केली आणि तो मंजूर करून घेतला डेमोक्रॅटिक अध्यक्षाने, तेही प्रतिनिधिगृहात स्वतःच्या पक्षापेक्षा विरोधी पक्षाची अधिक मते घेऊन. ज्या प्रश्नावर दोन्ही पक्षांचे श्रेष्ठी एकमताचे असतात, त्या प्रश्नावर मतदाराला मत देण्याची सोयच राहत नाही. अशा स्थितीत कोणीतरी उठून साध्या शब्दांत म्हणतो, तुमची नोकरी गेली, ती कोणीतरी घालविली आणि घालविणाऱ्याने पैसा केला. बाकीचे तपशील चुकीचे असोत. हे एक वाक्य खरे असते आणि ते दुसरे कोणी बोललेले नसते. रोखठोकपणाचे सामर्थ्य शिवराळपणात नसून या पहिल्या खऱ्या वाक्यात आहे. त्याच्या भांडवलावर पुढची दहा खोटी वाक्ये खपतात.

2016 साली डोनाल्ड ट्रम्प यांनी हेच भांडवल वापरले. सतरा प्रमुख उमेदवारांच्या त्या गर्दीत बहुतेक जण देणगीदारांना रुचेल असे बोलत होते. ट्रम्प यांनी पक्षाचे तीन ठराविक मंत्र एकदम मोडले. व्यापारकरार वाईट आहेत असे ते म्हणाले. म्हातारपणाच्या सोशल सिक्युरिटीला हात लावणार नाही असे म्हणाले. आणि साउथ कॅरोलायनातील वादसभेत, बुश घराण्याच्या बालेकिल्ल्यात, इराक युद्ध ही घोडचूक होती असे तोंडावर सांगितले. जाणकारांनी त्या रात्री ट्रम्प संपले असे भाकीत केले. आठवड्याभरात त्यांनी ते राज्य जिंकले. मते मिळाली तिसऱ्या हिश्श्याहून किंचित कमी, पण विजेत्यालाच सर्वस्व देणाऱ्या नियमांमुळे तेथील पन्नासही प्रतिनिधी त्यांच्या पदरात पडले. अखेरीस सुमारे एक कोटी चाळीस लाख मते, म्हणजे पक्षात पडलेल्या मतांपैकी सुमारे 45 टक्के मते घेऊन ते उमेदवार झाले. पक्षातील निम्म्याहून अधिक मतदारांनी दुसऱ्या कोणाला तरी पसंती दिली होती, हे त्यांच्या जयघोषात विसरले जाते. पण विरोधी मते अनेक वाटांनी फुटली आणि त्यांना एकत्र आणील असे एकही वाक्य कोणापाशी नव्हते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हा सर्व उठाव भुकेल्यांचा होता, असे म्हणणे डाव्या विचाराच्या मंडळींना आवडते. ते खरे नाही. मतदानोत्तर पाहण्यांवरून काढलेल्या अंदाजानुसार ट्रम्प यांच्या प्राथमिक मतदाराचे मध्यम कौटुंबिक उत्पन्न वर्षाला सुमारे 72 हजार डॉलर होते. संपूर्ण देशाचे होते सुमारे 56 हजार. अगदी तळाचा माणूस प्राथमिक निवडणुकीला सहसा येतच नाही. जो आला तो बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी, परंतु आपले गाव खचताना आणि आपली मुले आपल्याहून खाली जाताना पाहणारा मनुष्य होता. गोऱ्या माणसाचे पिढीजात वरचे स्थान जाते आहे ही भीतीही त्यात होती. 16 जून 2015 रोजी उमेदवारी जाहीर करतानाच ट्रम्प यांनी मेक्सिकोतून येणाऱ्यांना गुन्हेगार आणि बलात्कारी ठरविले. अनेकांनी त्यांना मत दिले ते या शब्दांकडे दुर्लक्ष करून. अनेकांनी दिले ते याच शब्दांसाठी. दुखणे खरे आहे म्हणून द्वेष क्षम्य ठरत नाही आणि द्वेष निंद्य आहे म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवणे कठीण असते. म्हणूनच बहुतेक भाष्यकार त्यांपैकी एक सोडून देतात.

मग अशा उमेदवाराची कसोटी कोणती? इंडियानापोलिसच्या कॅरियर कारखान्याची हकीकत ती कसोटी पुरविते. फेब्रुवारी 2016 मध्ये या कंपनीने सुमारे चौदाशे नोकऱ्या मेक्सिकोतील माँटेरे येथे नेण्याचे ठरविले. कामगारांना तो निर्णय सांगितला जात असतानाचे चित्रण देशभर पाहिले गेले. ट्रम्प यांनी सभासभांतून कंपनीचे नाव घेतले आणि मे महिन्यात इंडियाना राज्य निम्म्याहून अधिक मतांनी जिंकले. निवडून आल्यावर त्यांनी कारखाना वाचविल्याची घोषणाही केली. प्रत्यक्षात राज्य सरकारने कंपनीला सत्तर लाख डॉलरच्या सवलती दिल्या, निम्म्याच्या आसपास नोकऱ्या राहिल्या आणि उरलेल्या शेकडो कामगारांना पुढच्या दीड वर्षात घरी जावे लागले. 2017 च्या डिसेंबरात कंपन्यांवरील कर 35 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आणण्यात आला. 2024 साली पुन्हा निवडून आल्यानंतर 4 जुलै 2025 रोजी ज्या कायद्यावर त्यांची सही झाली, त्याने 2017 च्या कायद्यातील मुदत संपत आलेल्या अनेक करसवलती कायम केल्या आणि गरिबांच्या मेडिकेड या वैद्यकीय साहाय्याला कात्री लावली. काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने 2034 पर्यंत सुमारे एक कोटी माणसे विम्याविना राहतील असा अंदाज वर्तविला. भाषण कामगाराच्या बाजूचे, कायदा भागधारकाच्या बाजूचा. दोष भांडवलाच्या मुक्त संचाराचा आणि शिक्षा सीमेवरील मजुराला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असे मराठीत म्हणतात ते हेच.

तथापि एवढे दाखवून दिल्याने मतदार परत फिरेल असे समजणे भोळेपणाचे होईल. फसवणुकीचा हिशेब त्याच्यापुढे मांडणारे कोण? बहुधा तेच लोक, ज्यांनी आधी त्याच्या दुखण्याला नावही दिले नव्हते. त्यांच्या आकडेवारीवर त्याने विश्वास का ठेवावा?

याच 2016 साली, त्याच न्यू हॅम्पशायरमध्ये, दुसऱ्या पक्षात एक वेगळा प्रयोग झाला. स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणविणारे बर्नी सँडर्स 60 टक्के मते घेऊन विजयी झाले आणि पुढे 8 मार्चला मिशिगनमध्ये, जेथे रिपब्लिकनांत ट्रम्प पहिले आले, तेथेच डेमोक्रॅटांत सँडर्सही पहिले आले. त्यांचीही भाषा साधी, तीच तीच आणि अलंकाररहित होती. त्यांनीही व्यापारकरारांना नावे ठेवली, बड्या कंपन्यांना नावानिशी जाब विचारला. मात्र परक्या मजुराला त्यांनी बळीचा बकरा केले नाही. त्यांना उमेदवारी मिळाली नाही आणि त्यांचा मार्ग निर्वेध होता असेही नाही. परंतु रोखठोक बोलणे ही उजव्यांची मिरास नसून रिकाम्या ठेवलेल्या जागेवरचा त्यांचा कब्जा आहे, एवढे त्या निकालाने सिद्ध केले.

ती जागा परत मिळवायची तर सभ्य भाषेच्या पुरस्कर्त्यांना एक गोष्ट शिकावी लागेल. कारखाना बंद पडतो तेव्हा तो ‘पुनर्रचित’ होत नाही. तो बंद पडतो. माणूस ‘अतिरिक्त’ होत नाही. त्याला काढले जाते आणि काढणाऱ्याला नाव असते. हे नाव उच्चारण्याचे धैर्य आणि भरपाईचा जो अर्धा भाग पुस्तकातच राहिला तो कायद्यात उतरविण्याची तयारी, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच मतदार दुसऱ्या कोणाचे ऐकेल. नुसत्या उपदेशाने तो पुन्हा त्याच माणसाकडे जाईल, ज्याने एकदा का होईना त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलण्याची तसदी घेतली.