साईटवरचे तारे आणि वाफ्यातलं रोप



कांदा चाळीत पडला, आता सगळ्यांना ताडपत्री आठवतेय. "दादा, ऑनलाईन कुठून घेऊ, कोणती साईट भरवशाची?" असे मेसेज या पंधरवड्यात इतके आले की एकेकाला उत्तर देणं जमेना. म्हणून तीन वर्षांचा अनुभव एकदाच लिहून टाकतो. साईटची नावं घेणार नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका. एकीला मोठी साईट म्हणू, जिथं मोबाईलपासून मिक्सरपर्यंत सगळं मिळतं. दुसरी शेतीची साईट, तिथं बी, औषधं, अवजारं एवढंच. तिसरी स्वस्त साईट, जी आमच्या घरी मंडळींच्या मोबाईलमध्ये असते. आणि चौथं आपलं तालुक्याचं कृषी सेवा केंद्र. ती काही साईट नाही, पण आपण मनातल्या मनात तुलना त्याच्याशीच करत असतो.

लोखंड आणि प्लास्टिक ऑनलाईन घ्यायला माझी हरकत नाही. बी आणि औषध मात्र मी दुकानातूनच घेतो, आणि दुकानदार आपला पाहुणा आहे म्हणून नाही. का ते सांगतो.

आधी चांगलं बोलू. ठिबकचं बारीक सामान, म्हणजे ग्रोमेट, टेकऑफ, जॉइनर, एंड कॅप, कॉक, हे मोठ्या साईटवर शंभराच्या पाकिटात मिळतं आणि दुकानापेक्षा बरंच स्वस्त पडतं. दुकानात हेच नग मोजून घ्यावे लागतात आणि चार दुकानं फिरल्याशिवाय एका मापाचे मिळत नाहीत. १६ एमएमच्या लॅटरलचं सामान मी दोनदा मागवलं, दोन्हीदा बरोबर आलं. छाटणीची कात्री, पीएच मीटर, हेडलाईट, सगळं चाललं. रात्री पाणी भरायला जाणाऱ्यांनी हेडलाईट जरूर घ्यावा, साप दिसतो.

फवारणी पंपाचं गणित जरा वेगळं. मोठ्या साईटवर १६ लिटरचा बॅटरी पंप दुकानापेक्षा सातशे रुपयांनी कमी होता. लिहिलं होतं १२ व्होल्ट १२ अँपिअरची बॅटरी. आला तेव्हा पाठीमागचं झाकण उघडून बघितलं तर बॅटरीवर छापलंय ८. फोटो काढून टाकले, चार दिवसांत पंप परत नेला आणि पैसे जमा झाले. त्या साईटचं हे मी मान्य करतो, परत घेताना वाद घालत नाहीत. पण परत न्यायला येणारा पोरगा आमच्या वस्तीपर्यंत येत नाही. गट नंबर सांगून त्याला काय कळणार? "फाट्यावर या" म्हणतो. पंपाचं खोकं ठीक आहे, मोटारसायकलवर मागं बांधून नेलं. तीस बाय चाळीसची ताडपत्री परत करायची असती तर?

म्हणून ताडपत्रीवाल्यांसाठी एक युक्ती, हीच खरी कामाची गोष्ट आहे. साईटवर जीएसएम लिहिलेलं असतं. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. ३० बाय ४० फूट म्हणजे १२०० चौरस फूट, मीटरमध्ये साधारण १११. ती २५० जीएसएमची असेल तर वजन २८ किलोच्या आसपास भरलं पाहिजे. गठ्ठा आला की कांद्याच्या काट्यावर टाका. २२ भरला तर ती २०० जीएसएमची आहे, वर छापलेलं काहीही असू दे.

मल्चिंग पेपरचंही तसंच. चार फुटी, ४०० मीटरचा, २५ मायक्रॉनचा बंडल असेल तर नुसत्या कागदाचं वजन ११ किलोच्या आसपास येतं, आतला पुठ्ठ्याचा नळा वेगळा. गेल्या वर्षी स्वस्त साईटवरून आमच्या गावात तिघांनी मिळून बंडल मागवले. मी काटा घेऊन गेलो. नळ्यासकट साडेनऊ किलो. म्हणजे कागद २० मायक्रॉनचा, आणि पैसे २५ चे. हे वजन त्याच दिवशी केलं म्हणून बंडल परत गेले. परतीची मुदत सात दिवसांची होती आणि टोमॅटोची लागवड व्हायची होती तीन आठवड्यांनी. बंडल तसेच ओट्यावर पडून राहिले असते तर बेडवर अंथरताना कळलं असतं, आणि तेव्हा कोणी फोनही उचलला नसता.

माझा मुद्दा इथंच आहे. सगळ्या साईट साडीच्या हिशोबाने बांधल्यात. साडी आली, उघडली, रंग पटला नाही, परत केली. सात दिवस पुष्कळ झाले. आमच्या घरी मंडळी स्वस्त साईटवर हेच करतात आणि फार हुशारीने करतात. पाच तारे देणाऱ्यांकडे बघतच नाहीत, एक तारा देणाऱ्यांनी टाकलेले फोटो आधी बघतात. परत करायला जराही लाजत नाहीत. साडीसाठी ती साईट चांगलीच आहे, मी नाही म्हणत नाही.

पण बियाण्याच्या पाकिटाखाली लोक काय लिहितात ते एकदा वाचा. "पॅकिंग छान." "वेळेच्या आत मिळालं." "पैसा वसूल." अहो, पाकीट दारात आलंय फक्त! बी अजून मातीत गेलं नाही, आणि याने पाच तारे देऊन टाकले. हे तारे कुरिअरवाल्याच्या मोटारसायकलला आहेत. तीन महिन्यांनी कांदा डेंगळ्याला आला, जोड कांदा निघाला, तेव्हा परत त्या पानावर जाऊन लिहिणारा मला तरी एकही दिसला नाही. त्यामुळे शेतीच्या मालाला चार पूर्णांक दोन तारे म्हणजे काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता पुतण्याचं सांगतो. भावकीतलाच आहे, त्याला विचारूनच लिहितोय. गेल्या दिवाळीच्या सुमारास उन्हाळ कांद्याचं चार किलो बी त्याने मोठ्या साईटवरून मागवलं. आमच्या दुकानापेक्षा किलोमागे सहाशे रुपये कमी. आता कांद्याच्या बियाचं तुम्हाला माहीत आहे, ते जास्त टिकत नाही. वर्ष उलटलं की उगवण झपाट्याने उतरते. गहू-हरभऱ्यासारखं कणगीत ठेवून चालत नाही. म्हणून कांद्याच्या पाकिटावर चाचणीची तारीख आणि लॉट नंबर आधी बघायचा. साईटवरच्या फोटोत पाकिटाची फक्त पुढची बाजू होती, लालभडक कांद्यासकट. मागची बाजू कुठंच नव्हती. पाकीट आलं त्यावर तारखेच्या जागी दुसरं लेबल डकवलेलं.

सव्वा एकराचं रोप होईल म्हणून त्याने वाफे टाकले. बारा दिवसांनी वाफे बघायला गेलो तर टक्कल पडल्यासारखं. अर्धा किलोचं एक पाकीट शिल्लक होतं, त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. बाराव्या दिवशी उगवलेले मोजले, अडतीस. कांद्याच्या बियाला उगवणीची किमान मर्यादा ७० टक्के आहे.

साईटवर परतीचं बटण दाबलं तर उत्तर आलं, या वस्तूला परतावा नाही. विक्रेता दुसऱ्या राज्यातला. बिलावर जातीचं नाव नाही, लॉट नंबर नाही, नुसतं "गार्डन सीड्स, नग ८". म्हणजे आठ अर्धा किलोची पाकिटं. परसबागेतल्या झेंडूचं आणि सव्वा एकर कांद्याचं बिल सारखंच.

पुढं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार केली, तिकडून साईटला गेली, आणि महिन्याभरात बियाचे पैसे आले. बियाचे. वाफ्याची मशागत, शेणखत, पाणी, मजुरी, हे कुणी दिलं नाही. त्याने मग तयार रोप विकत घेतलं, मिळेल त्या भावाने, आणि लागण गेली जानेवारीच्या शेवटाला. उशिराच्या कांद्याला पोसायच्या वेळी ऊन गाठतं. माझ्या चाळीत आणि त्याच्या चाळीत या वर्षी कांद्याच्या आकारातच फरक दिसतोय, मोजायची गरज नाही.

हेच बी दुकानातून घेतलं असतं तर खराब निघालं नसतं का? निघालंही असतं. दुकानदार काही देव नाही. पण बियाणं विकायला परवाना लागतो आणि १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे पावती देणं त्याला बंधनकारक आहे. पावती, पिशवी, टॅग हातात असेल तर तालुक्याला कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते, तक्रार निवारण समिती प्लॉटवर येऊन पंचनामा करते. तो पंचनामा हातात असला की पुढं ग्राहक आयोगात बोलायला जागा राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात सांगितलंय की बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, आणि सगळं बी पेरून बसलेल्या माणसाने तपासणीसाठी नमुना राखून ठेवला नाही म्हणून त्याचा दावा उडवता येत नाही. पण पावती तर पाहिजे ना? पुतण्याच्या बिलावर कांदा हा शब्दसुद्धा नव्हता.

शेतीच्या साईटचं थोडं वेगळं आहे, तिला मोठ्या साईटच्या रांगेत बसवणं बरोबर नाही. बिलावर बॅच नंबर येतो, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो असतात, फोन केला तर मराठीत बोलतात. औषधं घरपोच विकायला नोव्हेंबर २०२२ पासून नियमाने परवानगी आहे, आणि विकणाऱ्याचा परवाना तपासायची जबाबदारी साईटवर टाकलेली आहे. तिथून एकदा बुरशीनाशक घेतलं, असली होतं, दुकानापेक्षा स्वस्तही. पण आलं सहाव्या दिवशी. कांद्यावर करपा दिसला की सहा दिवस कोण थांबणार? ढग आलेत, उद्या सकाळी फवारायचंय, तर बाटली आज संध्याकाळी पाहिजे. दुकान नऊ किलोमीटरवर आहे, तासात जाऊन येतो. ज्याला हंगामाचा आराखडा आधीच ठरवून महिनाभर अगोदर साठा करायचाय, त्याने तिथून जरूर घ्यावं. मला तेवढी शिस्त परवडत नाही, पैसेही एकदम हातात नसतात.

आणि पैशाचा विषय निघालाच आहे. आपल्यातले किती जण दुकानातून रोखीने घेतात? कांदा विकल्यावर देऊ, असंच चालतं. उधारीचा भाव वेगळा, हे दुकानदारही जाणतो, आपणही जाणतो. मग साईटचा रोखीचा भाव आणि दुकानाचा उधारीचा भाव शेजारी ठेवून "दुकानदार लुटतो" म्हणणं खरं नाही. सहा महिने थांबणारी साईट मला अजून भेटायची आहे.

पण दुकानदार मित्रांनो, तुमच्यातलेही बरेच जण हे पान वाचता, म्हणून तुम्हालाही सांगतो. युरिया मागितला की सोबत न मागितलेली बाटली गळ्यात मारणं बंद करा. कच्च्या चिठ्ठीवर भागवू नका, पक्कं बिल मागितल्यावर तोंड वाकडं करू नका. पोरं साईटकडे नुसत्या सहाशे रुपयांसाठी जात नाहीत. तिथं निदान न मागितलेलं काही कोणी देत नाही.

ताडपत्री मागवणाऱ्यांनी या आठवड्यातच मागवा, म्हणजे वजन करून परत करायला मुदत राहील. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, बिल मोबाईलमध्ये जपून ठेवा. आणि काट्यावर किती भरलं ते माप आणि जीएसएमसकट खाली लिहा, साईटचं नाव नको.