माशांचे पाणी : स्वच्छ वेगळे, तयार वेगळे



बाळकुमच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. कशेळीच्या पुलाअलीकडचे हे खाडीकाठचे गाव आता ठाणे महापालिकेत आहे. नातवाच्या हट्टापायी त्यांनी मासे पाळायची काचेची पेटी आणली, नळाचे पाणी भरले आणि त्याच दिवशी बारा मासे सोडले. दोन मासे दुसऱ्या सकाळी मेले, सात आठवडाभरात एकेक करून गेले. "पाणी तर आरशासारखे होते, मग झाले काय?" असे त्या विचारतात.

प्रश्न शहराजवळच्या घरातला असला तरी उत्तर तुम्हा सर्वांच्या कामाचे आहे. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी माशांसाठी तयार असतेच असे नाही. नांगरट न करता आपण बी टाकत नाही, तसेच हे आहे.

नळाचे पाणी

नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घालतात. नळापर्यंत येताना ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावे असा दंडक आहे. आपल्याला ते हितकारक, पण माशांचे कल्ले त्याने भाजून निघतात. पहिले दोन मासे यानेच गेले असावेत. सार्वजनिक विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकली असेल तर तिच्या पाण्यालाही हेच लागू आहे.

उपाय सोपा आहे. रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी २४ तास उघडे ठेवा, मधून मधून ढवळा. मग ओ.टी. चाचणी करा. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक ही चाचणी करतातच. पाण्याला पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, रंग आला नाही तर पाणी वापरण्यास हरकत नाही. घाई असेल तर १० ग्रॅम हायपो एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातले एक मिलिलिटर दर लिटर पाण्याला घाला.

विहीर आणि बोअर

बोअरच्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तेही एक दिवस उघडे ठेवा, उंचावरून ओतून खळबळवा आणि मगच सामू, म्हणजे पी.एच., मोजा. ताज्या पाण्याचा सामू फसवा असतो.

ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही, ते पाणी जड. अशा पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी हे मासे चांगले राहतात. टेट्रासारख्या माशांना हलके पाणी लागते. खाडीकाठच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल तर मॉली ते बऱ्यापैकी सोसतो, पण इतरांच्या वाट्याला ते जाऊ नये. जमीन पाहून पीक घेतो, तसे पाणी पाहून मासा निवडा. औषधे ओतून पाणी बदलण्याच्या भरीस पडू नका.

पाणी मुरू द्या

आता बाकीच्या सात माशांकडे वळू. ताजे शेण बुंध्याशी टाकले तर रोप करपते आणि तेच कुजवून घातले तर पोसते, हे तुम्हाला सांगायला नको. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, त्याची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट. युरिया टाकल्यावर तुमच्या रानात घडते ते हेच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला विषारी आहेत, नायट्रेट त्या मानाने सौम्य. नव्या पेटीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. म्हणून पाणी आरशासारखे दिसते आणि मासा आत गुदमरतो.

सामू वाढला की हे विष चढते. सामू ७ वरून ८ वर गेला तर अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ नऊपट होतो. चोपण जमिनीत युरियाचा अमोनिया उडून जातो, त्यामागेही हेच कारण आहे.

जिवाणूंचे विरजण लागायला चार ते सहा आठवडे जातात. पेटीत वाळू व पाणी भरा, फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाका. शोभेच्या माशांच्या दुकानात थेंबांची चाचणी मिळते, तिने दर आठवड्याला तपासा. आधी अमोनिया चढेल व उतरेल, मग नायट्राइट चढेल व उतरेल. दोन्ही शून्यावर आली आणि नायट्रेट दिसू लागले की पाणी तयार झाले. एखाद्या निरोगी जुन्या पेटीतली मूठभर वाळू किंवा फिल्टरचा स्पंज मिळाला तर हे काम लवकर होते.

त्यानंतर ४० लिटर पाण्यात तीन-चार गप्पीच सोडा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून तयार पाणी भरा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. तो पेटीतून काढलेल्या पाण्यात खळबळून घ्या. बाळकुमच्या भगिनींनी उरलेल्या तीन माशांचे खाद्य चार दिवस बंद ठेवावे आणि रोज तिसरा हिस्सा पाणी बदलावे.

बादली वेगळी ठेवा

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक धोका असतो. फवारणीची बादली, मोरचूद कालवलेले पिंप किंवा औषधाचे माप कितीही धुतले तरी माशांच्या पाण्याला लावू नका. सायपरमेथ्रिनसारखी औषधे अत्यल्प प्रमाणातही माशाचा जीव घेतात. फवारणी करून आल्यावर हात पेटीत घालू नका. घरात डासांचे औषध फवारायचे असेल तर पेटी झाका आणि हवेचा पंप तेवढ्यापुरता बंद ठेवा.

घरातल्या बाळासाठी

आता सर्वांत महत्त्वाचे. पेटीत भरण्याआधीच विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त निघाले, तर माशांचा विचार बाजूला ठेवा. रानात टाकलेला जास्तीचा युरिया आणि विहिरीजवळचा उकिरडा यांतून ते पाण्यात झिरपते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. वरच्या दुधात असे पाणी गेले तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही आणि बाळ निळे पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते. अशा पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या आणि अहवाल येईपर्यंत बाळासाठी दुसरे पाणी आणा. जल जीवन मिशनमध्ये, २०१९ पासून, गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासणी संच वापरण्याचे शिक्षण देण्याचे ठरले. तुमच्या गावात कोण शिकले आहे, याची चौकशी करा.

पेटीतून दर आठवड्याला काढलेले पाणी मात्र वाया घालवू नका. त्यात नायट्रेट असते आणि परसातल्या वांगी-मिरचीला ते मानवते. पाणी मचूळ असेल किंवा पेटीत औषध घातले असेल, तर तेवढे टाळा.