मेलेल्या माशांचा पंचनामा झाला, जिवंत माशांचा कधी?

मा. अध्यक्ष व मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई



दाभोळ खाडीत मासे मरून तरंगू लागले की आपले अधिकारी येतात. पाण्याचे नमुने बाटल्यांत भरले जातात, पंचनामा होतो, लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीकडे बोट दाखवले जाते आणि दोषींवर कारवाई होईल असे सांगितले जाते. खाडीकाठचा भोई समाज हे शब्द वर्षानुवर्षे ऐकतो आहे. पण मला आज विचारायचे आहे ते जिवंत माशांविषयी. मेलेला मासा कुणी खात नाही. पागात आलेला, फडफडणारा मासा मात्र बाजारात जातो, चुलीवर चढतो, पोरांच्या ताटात पडतो. त्याच्या अंगात काय साठले आहे हे मंडळाने कधी तपासले आहे का? तपासले असेल, तर ते अहवाल कुठे आहेत?

लोट्याची कथा आपल्याला नवी नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात ती सविस्तर लिहून ठेवली आहे. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला भार पेलत नाही, पाणी ओढ्यात उतरते, कोतवलीच्या सरपंचांनी ते दूषित पाणी पिऊन जीव देण्याचा प्रयत्न केला, हे सगळे त्यात आहे. वसाहतीने अकरा हजार लोकांना रोजगार दिला, पण प्रदूषणामुळे वीस हजार जणांचा रोजगार बुडाला, हे मच्छीमार संघटनेचे म्हणणेही त्यात नोंदले आहे. एका गावाच्या सरपंचाला एवढ्या टोकाला जावे लागले, त्यानंतर आपण नेमके काय बदललेत?

आता त्याच वसाहतीत नवी चिंता आली आहे. इटलीत विचेन्झाजवळ त्रिस्सिनो येथे पीएफएएस गटातील, निसर्गात न मोडणारी रसायने बनवणारा एक कारखाना होता. त्याने भूजल नासवले, सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्यावर त्याचा परिणाम झाला. त्या टापूत धरलेले मासे खाण्यावर व्हेनेतो प्रांताच्या सरकारला बंदी घालावी लागली. २०१८ मध्ये कारखाना बंद पडला आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने त्याच्याशी संबंधित अकरा माजी अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री एका भारतीय उद्योगाने विकत घेतली आणि ती लोट्याला आणली. इथला कारखाना प्रदूषण करतो असा आरोप मी करत नाही, माझ्या हाती तसा पुरावा नाही. पुरावा गोळा करणे हे आपले काम होते. उत्पादनाला संमती देण्याआधी आसपासच्या ओढ्यांतले पाणी, तळाचा गाळ आणि मासे तपासून मूळ पातळी नोंदवली होती का? नसेल, तर उद्या काही आढळल्यास ते कुठून आले हे आपण कशाच्या आधारे ठरवणार?

हा प्रश्न तातडीचा का आहे, हे आपल्या शास्त्रज्ञांना ठाऊक आहेच. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट असतो की ही रसायने निसर्गात मोडत नाहीत. डीडीटी आणि पीसीबी ही जुनी विषारी रसायने चरबीत साठतात. पीएफएएस गटातील पीएफओएससारखी रसायने मात्र रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना चिकटतात, म्हणून चरबी काढून टाकून सुटका होत नाही. कल्ल्यांतून येणारे पाणी आणि पोटात जाणारे अन्न या दोन्ही वाटांनी ती माशात शिरतात आणि लहान माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशात अधिक साठतात. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओएसची मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठरवली. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. त्याच देशातल्या नद्यांमधील माशांचे २०१३ ते २०१५ या काळात घेतलेले नमुने तपासले, तेव्हा निम्म्या नमुन्यांत या गटातील रसायने किलोमागे ९,५०० नॅनोग्रॅमहून अधिक निघाली. पाणी नितळ दिसत असताना मासा विषारी असू शकतो, तो असा. आणि तो मरत नाही, म्हणून आपला पंचनामाही होत नाही.

आपण सांडपाण्याचा सामू, बीओडी, सीओडी मोजता. या आकड्यांत ही रसायने दिसतच नाहीत. प्रक्रिया केंद्रातले जिवाणूही त्यांना मोडू शकत नाहीत. ती पाण्याबरोबर पुढे जातात किंवा गाळात उतरतात. मग ‘सर्व निकष मर्यादेत’ या शेऱ्यावर आम्ही विश्वास ठेवायचा तो कसा?

देशात यासाठी मानकच नाही, असे उत्तर येईल. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने न मोडणाऱ्या घातक रसायनांवरील स्टॉकहोम करारातील ज्या सात रसायनांबाबत मान्यता दिली, त्यांत पीएफओएस नव्हते, हे खरे आहे. पण १९७४ च्या जल कायद्याने सांडपाण्याचे निकष ठरवण्याचा अधिकार राज्य मंडळाला दिला आहे. संमतीपत्रात अटी घालण्याचा आणि गरज पडली तर कारखाना बंद करण्याचा आदेश देण्याचा अधिकारही आपलाच आहे. दिल्लीची वाट पाहावी अशी सक्ती आपल्यावर कुणी केली?

उशिराची किंमत किती लांबते, ते न्यूयॉर्कच्या हडसन नदीने दाखवले आहे. पीसीबीमुळे तिच्या वरच्या भागात १९७६ मध्ये मासेमारी बंद करावी लागली. पुढे कोट्यवधी डॉलर खर्चून गाळ उपसला, तरी तिथले मासे खाऊ नका, हा सल्ला अजून कायम आहे.

पावसाच्या पहिल्या सरींना चढणीचे मासे पऱ्यांतून शेतापर्यंत येतात आणि गावेच्या गावे ते धरायला उतरतात. त्या माशांना ना बिल, ना लेबल. अन्न सुरक्षेची कोणतीही तपासणी तिथवर पोचत नाही. म्हणून वाशिष्ठी व जगबुडी या नद्यांतले आणि लोट्याच्या ओढ्यांतले मासे पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर तपासा. तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून करून घ्या आणि आकडे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. खाण्याजोगे नसतील तर तसे स्पष्ट सांगा, आणि ज्यांचे जाळे त्यामुळे रिकामे राहील त्यांना भरपाई कोण देणार तेही सांगा. पहिले नमुने कोणत्या तारखेला घेणार, एवढे लेखी कळवावे.

आपला,
वाशिष्ठीकाठचा एक नागरिक