गुरुवारी सांगा

छोट्या व्यावसायिकांसाठी झालेल्या एका व्याख्यानाला या आठवड्यात जाऊन आले. वक्ते म्हणाले, धंद्यात चढउतार असायचेच, मन खंबीर ठेवा आणि सहा महिन्यांचा खर्च कायम बाजूला काढून ठेवा. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या रस्त्याला कणसं आणि भजी विकणाऱ्या एक ताई बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सहा महिन्यांचा कुठनं काढू? माझा धंदाच चार महिन्यांचा." तेव्हापासून मला राग आलाय, आणि तो अजून उतरलेला नाही.

खरं तर चार महिनेही नव्हेत. धरण भरून सांडव्याच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागतं ते जूनअखेर, नाहीतर जुलैत. गर्दी येते ती शनिवार-रविवारी, आणि गणपती बसले की ओसरते. म्हणजे घराचं वर्ष उभं राहतं ते मोजक्या रविवारांवर. बरं, पैसा लागतो तो पावसाआधी. जूनमध्ये पोरांच्या वह्या, गणवेश, फी. त्याच आठवड्यात नवी ताडपत्री, कोळशाची पोती, तेलाचे डबे, बेसन. जुलैत वाट्याच्या शेतात भाताची आवणी, तिची मजुरी वेगळी. एक रुपया यायच्या आत घरात उसनवारी झालेली असते. बाजूला काढून ठेवायचं म्हणजे नेमकं कशातून, हे त्या वक्त्यांनी सांगायला हवं होतं.

आणि हे मोजके रविवारही हक्काचे नाहीत. २०२० आणि २०२१चे पावसाळे कोरोनाने नेले. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. त्यानंतर जमावबंदी आली, धरणाजवळच्या टपऱ्या हटवल्या गेल्या. १५ जून २०२५ला कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला, चार जण गेले, आणि मावळातल्या पर्यटनावर पुन्हा कडक नजर आली.

ही बंदी चुकीची होती असं मी कधीही म्हणणार नाही. जीव गेल्यावर रस्ता बंद करायलाच हवा. ताईही तसं म्हणत नाहीत. ते कुटुंब वाहून गेलं त्या दिवशी काठावर मदतीला धावणाऱ्यांत टपरीवाले होते, असं त्या सांगतात. त्यांचं म्हणणं एवढंच, "बंद करायचं तर करा, पण गुरुवारी सांगा." कारण माल शुक्रवारी भरतात. कणसं पोत्याने घ्यायची, ती परत होत नाहीत. रविवारी सकाळी भवानी होते न होते तोच खाली चौकात गाड्या वळवायला सुरुवात होते. वर कुणी काही सांगत नाही. रस्त्यावरची वर्दळ पातळ झाली की समजायचं. मग घमेल्यात कापून ठेवलेला कांदा पाणी सोडत बसतो, भिजवलेलं पीठ सैल पडतं, कढईतलं तेल तापून तापून काळं होतं. कणसाची साल दुसऱ्या दिवशी सुकते, तिसऱ्या दिवशी दाणे सुरकुततात, गिऱ्हाईक नख लावून बघतं आणि पुढे जातं. उरलेली कणसं घरी उकडतात. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तेच खाऊन पोरं कंटाळतात.

पण नुकसानीपेक्षा ताईंना जड जातं ते घरी पोचल्यावर. उंबऱ्यातच प्रश्न येतो, "किती झाला गल्ला?" सासू विचारते, नवरा विचारतो, थोरला मुलगाही आता विचारतो. कुणाच्या मनात खोट नसते, त्यांनाही काळजीच असते. पण बाराशेचा माल वाया गेलेल्या बाईला तो प्रश्न चौकशीसारखा लागतो. मग ताई आकडा वाढवून सांगू लागल्या. सांगितलेला आकडा घराने खरा धरला आणि त्याप्रमाणे खर्च केला. फरक भागवायला त्यांनी ओळखीतून दरमहा दहा टक्क्यांनी पैसे उचलले, आणि हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मन खंबीर ठेवा म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ही बाई खंबीरच होती. तिच्या खंबीरपणानेच तिला सावकाराच्या दारात नेलं.

सुटका झाली ती बचत गटात. शेजारच्या खेड तालुक्यात 'चैतन्य' संस्थेने १९८०च्या दशकाअखेरीस गटांचं काम सुरू केलं. नाबार्डने १९९२पासून गटांना बँकेची दारं उघडली. गटातल्या स्वस्त कर्जाचं मोल मोठं आहेच. मला मात्र त्याहून मोठं वाटतं ते महिन्याच्या बैठकीत "या महिन्यात हप्ता जमणार नाही" हे दहा बायांसमोर मोठ्याने बोलता येणं. ताईंनी ते पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा आणखी दोघींनी आपापल्या चोरून काढलेल्या कर्जाची गोष्ट सांगितली. गटाने सावकाराची मुद्दल एकरकमी फेडायला पैसे दिले. त्या रात्री ताईंनी घरी खरा हिशोब मांडला. आता गल्ल्याचे दोन डबे आहेत, एक मालाचा, एक घराचा. मालाच्या डब्याला घरातलं कुणी हात लावत नाही.

हे बायांनी आपल्या बळावर केलं. बाकीचं त्यांच्या हातात नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४चा कायदा आहे, त्यात विक्रेत्यांना प्रमाणपत्र आणि हटवण्याआधी नोटीस आहे. पण तो कायदा रेल्वेच्या जागेला लागू नाही, आणि भुशी धरण रेल्वेचं, वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. इंजिनं गेली, जागा रेल्वेचीच राहिली. म्हणजे तिथली टपरी कायद्यालाही दिसत नाही. पथविक्रेत्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेचं पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, आता १५ हजारांचं आहे, पण फेड दरमहा. भाताचं पीक कर्ज मात्र हंगाम निघाल्यावर, मार्चअखेर एकदा भरतात. भाताला हे कळतं तर पावसावर चालणाऱ्या कणसाच्या टपरीला का नाही? फेब्रुवारीत भुशीला चिटपाखरू नसतं, तेव्हाचा हप्ता ताईंनी कुठून भरायचा?

नगरपरिषद, रेल्वे आणि पोलीस यांनी मे महिन्यात एकदा एकत्र बसावं. काठापासून दूर, धोक्याबाहेर विक्रीची जागा आखून द्यावी. रविवारच्या बंदोबस्ताचा निर्णय शक्य तेव्हा गुरुवारी जाहीर करावा. अचानक पाऊस वाढला तर रविवारीही बंद करावं, त्याला कुणाची हरकत नाही.